आश्वासित प्रगती, पण कुठपर्यंत?

फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या परीक्षा रखडल्या होत्या, आठवतंय? विद्यापीठं आणि महाविद्यालयांमधल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि मग बेमुदत संप पुकारला. इकडे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा झाली ती भाचे-पुतण्यांच्या पेपरच्या तारखांची. संप कशासाठी आहे, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मुख्य मागण्यांपैकी एक होती 'सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजने'ची. योजना साधी आहे. बढतीसाठी वरची जागाच नसेल, तर माणूस वर्षानुवर्षं एकाच वेतनश्रेणीत अडकतो. म्हणून ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर पद तेच ठेवून वरच्या पदाचा पगार द्यायचा. पूर्वी हा लाभ १२ आणि २४ वर्षांनी मिळायचा. सातव्या वेतन आयोगानंतर राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना तो १०, २० आणि ३० वर्षांनी लागू झाला. विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं, आम्हालाही द्या, आणि आमचे रद्द केलेले शासन निर्णय पुन्हा लागू करा. मागणी रास्तच होती.

पण नोव्हायमध्ये बसून विचार करताना मला वाटतं, ही मागणी शंभर टक्के मान्य झाली तरी प्रश्न अर्धाच सुटतो. पगार वर गेला. काम, हुद्दा आणि शिक्षण मात्र होतं तिथेच.

शिक्षकेतर म्हटलं की डोळ्यांसमोर कार्यालयातला लिपिक येतो. पण त्यातच प्रयोगशाळा परिचर, प्रयोगशाळा सहायक आणि वर्कशॉपमधले निदेशकही आले. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाने पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये कानस घासली आहे. आम्ही कॉम्प्युटरवालेही त्यातून सुटलो नाही. लेथवर टूल कसं बसवायचं, हे वर्गात नाही, तिथल्या माणसाने हात धरून शिकवलं. त्यांना आपण 'सर' म्हणायचो, लॅबमधल्यांना 'मामा'. त्या मामांचं पुढे काय झालं? बहुतेक ठिकाणी, जिथे लागले तिथूनच निवृत्त झाले. मशिन बदलली, लेथच्या जागी सीएनसी आलं. पण ते शिकण्यासाठी त्यांना कुणी पाठवलं नाही. ते गेल्यावर जागा रिकामी राहिली किंवा कंत्राटी माणूस आला, आणि तीस वर्षांचं हातातलं ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेलं.

इथलं चित्र कसं आहे? आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठ आहे. तिथे लॅब टेक्निशियनच्या पदालाच पायऱ्या आहेत: असोसिएट, इंटरमिजिएट, सीनियर. त्यापुढे स्पेशालिस्टची वेगळी शिडी. प्रत्येक पायरीला काय यायला हवं, ते लिहिलेलं असतं. नोकरी करता करता शिकायचं असेल तर फीसाठी विद्यापीठाची मदत मिळते. शिवाय २०२१ पासून मिशिगन राज्यात 'मिशिगन रीकनेक्ट' योजना आहे. तिच्यात पदवी नसलेल्या पंचविशीपुढच्या रहिवाशांना त्यांच्या भागातल्या कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन फी भरावी लागत नाही.

म्हणजे इथे सगळं आलबेल आहे असं नाही. इथल्या बऱ्याच टेक्निशियनची नोकरी प्राध्यापकाला मिळालेल्या संशोधन निधीवर चालते. निधी संपला की नोकरी धोक्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने जाहीर केलं, की अनुदानासोबतच्या अप्रत्यक्ष खर्चासाठी यापुढे १५ टक्केच देणार. इमारती, वीज, सामायिक उपकरणं आणि ती सांभाळणारी माणसं यांचा बराच खर्च त्यातूनच निघतो. न्यायालयाने तो निर्णय रोखला, पण धाकधूक व्हायची ती झालीच. इथे शिडी आहे पण ती हलते. आपल्याकडे पाया पक्का आहे पण शिडीच नाही.

ब्रिटनने यावर २०१७ मध्ये 'टेक्निशियन कमिटमेंट' नावाचा उपक्रम सुरू केला. सही करणाऱ्या विद्यापीठाने आपले तंत्रज्ञ लोकांना दिसतील, त्यांच्या कामाला मान्यता मिळेल, त्यांना पुढे जायला वाट मिळेल आणि त्यांचं कौशल्य टिकेल, याची हमी द्यायची. तंत्रज्ञांना व्यावसायिक नोंदणीही करता येते. मायकेल फॅरेडे १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लागला तो प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणूनच, हे त्या देशाला ठाऊक आहे.

आणि आपल्याला? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली. पुढे १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या एका माणसाने चीज करून दाखवलं, पण डावलला गेलेला प्रत्येक जण कारखाना काढू शकत नाही. बाकीचे निमूटपणे हजेरीपटावर सही करत राहतात, आणि नुकसान विद्यार्थ्यांचं होतं.

सरकारने काय करावं, हे सांगणं सोपं आहे: रिकाम्या जागा भराव्यात, परिचर ते वरिष्ठ तंत्रज्ञ अशी लेखी शिडी आखावी, पाच-सात वर्षांत एकदा तरी प्रशिक्षणाला पाठवावं. पण यात आपलाही वाटा आहे. माजी विद्यार्थी म्हणून आपण कॉलेजला थ्रीडी प्रिंटर देतो, कॉम्प्युटर देतो, कोनशिलेवर नाव येतं. ते यंत्र चालवायला शिकवण्यासाठी पैसे ठेवायचं कुणाला सुचत नाही. मग यंत्रावर प्लास्टिकचं आवरण चढतं ते कायमचंच. पुढची देणगी देताना दोन अटी घाला. एक, रकमेतला काही भाग ते यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणासाठी. दोन, फलकावर त्याचंही नाव.

आणि मुलांना इथल्या शाळेच्या रोबोटिक्स टीमला सोडायला जाल, तेव्हा त्यांना एवढं जरूर सांगा, की ड्रिल धरायला शिकवणारा माणूसही शिक्षकच असतो.