गोळीवर ढकललेलं रक्त

"रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आतड्याच्या दुर्बिणीच्या नादी लागूच नका." आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत एका वक्त्यांनी हे वाक्य माइकवरून सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निदान आठ-दहा जणांच्या खिशात गोळ्यांची डबी असते, हे मला माहीत आहे. वक्ते शिकलेले आहेत, बोलतात छान, लोक त्यांचं ऐकतात. म्हणूनच हे लिहिणं भाग आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शौचातून रक्त पडतं ते गोळीमुळे. गोळी कमी केली की थांबतं. कोलोनोस्कोपी करायची तर गोळी बंद करावी लागते. बंद केली की लकवा, चालू ठेवली की रक्ताचं थारोळं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. शिवाय ही गोळी मुळात उंदीर मारायचं औषध. शिवाय तपासणीची चिठ्ठी म्हणजे कमिशन. आणि सत्तरीनंतर आतड्यात डोकावून मिळवायचं तरी काय?

कमिशनचं आधी. कमिशन आहे, ते घाणेरडं आहे, आणि त्यामुळे कुणाच्या आतड्यातली गाठ विरघळत नाही. सत्तरीचं म्हणाल, तर रक्त वाहू लागलं की आधी ते थांबवायचं असतं, जन्मतारीख नंतर.

उंदराचं औषध हा मुद्दा गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. खरं तेवढं सांगतो. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडका गोड क्लोव्हर खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातला दोषी घटक शोधला, आणि त्याच वाटेने पुढे वॉरफरिन आलं. १९४८ साली ते उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ साली माणसांसाठी मंजूर झालं आणि १९५५ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिलं गेलं. मात्रा मोजून दिली तर औषध, न मोजता खाल्ली तर विष; हे मिठालाही लागू आहे. याच मंडळींनी मागे वॉरफरिनच्याच जातीच्या गोळीबद्दल "ॲसिट्रॉम चालू असेल तर पालेभाजी बंद" असा फतवा काढला होता, तेव्हाही मी भांडलो होतो. मेथी-पालकात 'के' जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे बरोबर. पण म्हणून भाजी सोडायची नसते. रोज साधारण सारखी खायची आणि त्या खाण्यावर गोळीची मात्रा बसवायची. तेव्हा कितीतरी घरांतून हिरवी भाजी हद्दपार झाली आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआरचा आकडा मात्र खाली-वर होतच राहिला. अर्धवट माहिती जोरात सांगितली की असंच होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. "रक्त गोळीचंच आहे." माझा खरा राग या वाक्यावर आहे.

गोळी आतड्याला भोक पाडत नाही. ती रक्त गोठायला उशीर लावते, एवढंच तिचं काम. जिथून रक्त येतं तिथे आधीपासून काहीतरी उघडं असतं: मूळव्याध असेल, आतड्याच्या भिंतीतली पिशवी असेल, नाजूक झालेली रक्तवाहिनी असेल, कोंब (पॉलिप) असेल, गाठ असेल. गोळी नसती तर ते थेंब-थेंब झिरपलं असतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. गोळीमुळे ते दिसू लागलं. घरात धूर दिसल्यावर धुराला शिव्या देऊन खिडकी लावून घेणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणणार आहोत का?

हे माझं मत म्हणून सांगत नाही. डेन्मार्कमध्ये हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या सव्वा लाखाहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ते काम २०२० साली प्रसिद्ध झालं. ज्यांना शौचातून रक्त गेलं त्यांच्यात वर्षभरात मोठ्या आतड्याचा कर्करोग निघण्याचं प्रमाण वयानुसार शंभरात चार ते आठ होतं. रक्त न गेलेल्यांपेक्षा हे कितीतरी पट जास्त. शंभरातले निदान ब्याण्णव जण सुटतात, हेही खरं. पण आपण त्या ब्याण्णवांतले आहोत हे आत पाहिल्याशिवाय कुणाला कळणार? व्यासपीठावरून ते कळत नाही.

आपल्याकडे तर हा मुद्दा जास्तच टोचतो. काही देशांत पन्नाशीच्या आसपास, लक्षण असो-नसो, सरकारच आतड्याच्या तपासणीला बोलावतं. आपल्या देशात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अशी राष्ट्रीय मोहीम नाही. सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची. म्हणजे आपल्या हातात कोलोनोस्कोपीची चिठ्ठी पडते तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. रक्त गेलेलं असतं, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, शौचाची सवय बदललेली असते. अशा माणसाला "नादी लागू नका" सांगायचं?

माझ्या वहिनींचं सांगतो. लहानपणीच्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. वीस वर्षांपूर्वी ती बदलून धातूची बसवली, तेव्हापासून ॲसिट्रॉम चालू. एक गोळी अख्खी, एक अर्धी. अर्धी करायला त्या दाढीचं ब्लेड वापरतात, खाली जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद, आणि तुटताना उडालेला चुरासुद्धा बोटाने टिपून जिभेवर ठेवतात. आयएनआर तपासला की आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात लाल पेनने लिहायचा. २.८, ३.१, २.६. इतकी शिस्तीची बाई.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, रक्त जरा जातंय. पण डॉक्टर म्हणाले, गोळीचंच आहे." मी मान डोलावली. ती मान डोलावणं मला अजून छळतं. हिमोग्लोबिन ७.६ वर आलं तेव्हा लोहाच्या गोळ्या दिल्या. लोहाने शौच काळं होतं, त्यामुळे रक्त आहे की नाही हेही दिसेनासं झालं. अकरा महिने असे गेले. अंगावर काढणं म्हणतात ते हेच, आणि इथे ते रोग्याने काढलं नव्हतं, त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी लिहिली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच, उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं. वहिनी आहेत, कालच फोनवर बोललो. पण ते अकरा महिने कुणी परत देणार नाही, आणि "गोळीचंच आहे" म्हणणाऱ्यांपैकी कुणी विचारायलाही आलं नाही.

आता आड आणि विहीर. वक्त्यांनी गोळी बंद करण्याची भीती घातली. ती भीती खरी आहे आणि मी ती कमी करणार नाही. धातूची झडप असलेल्या माणसाने मनाने गोळी सोडली तर झडपेवर गुठळी बसू शकते. वहिनींच्या चिठ्ठीवर तर एवढंच होतं: रक्त पातळ करणारी गोळी बंद करून यावे. कधीपासून? किती दिवस? त्याऐवजी काही? काही नाही. तपासणी दहा दिवसांवर होती आणि वहिनी त्या रात्रीपासूनच बंद करायला निघाल्या होत्या. ब्लेड आणि कागद आवरून ठेवलासुद्धा होता. मी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं बदललं. तपासणीच्या वेळी काही काढावं लागलं तर एकाच खेपेत काढता यावं म्हणून गोळी ठरलेल्या दिवशीच थांबवायची, मधल्या दिवसांत पोटाच्या कातडीत हेपॅरिनची इंजेक्शनं, शेवटचं इंजेक्शन आदल्या दिवशी, आणि नंतर पुन्हा गोळी. एका फोनचं काम. तो फोन चिठ्ठी लिहिणाऱ्याने करायचा होता.

त्या भीतीचं उत्तर हेच आहे. गोळी कोणती, ती कशासाठी चालू आहे आणि आत काय करायचं आहे, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं, आणि ते ठरवायची रीत आता पक्की आहे. ब्रिटन आणि युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांनी २०१६ साली ती लिहून काढली, २०२१ साली सुधारली. नुसतं पाहायचं, फार तर चिमूटभर तुकडा घ्यायचा असेल तर वॉरफरिन चालू ठेवून, आयएनआर मर्यादेत आहे हे पाहून तपासणी करतात. रिव्हारॉक्साबान, अपिक्साबानसारखी नवी गोळी असेल तर त्या दिवशीची सकाळची चुकवतात. कोंब कापून काढायचा असेल तर वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवतात. ॲसिट्रॉम त्याहून लवकर उतरतं, म्हणून त्याचे दिवस वेगळे मोजावे लागतात. नव्या गोळ्यांना दोन-तीन दिवस पुरतात, फक्त डॅबिगाट्रानच्या बाबतीत मूत्रपिंड कसं चालतंय ते आधी पाहावं लागतं. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन बहुतेक वेळा थांबवतच नाहीत. स्टेंट नुकताच बसवला असेल तर क्लोपिडोग्रेलला हात लावण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावंच लागतं, आणि तपासणी पुढे ढकलता येत असेल तर ढकलतात.

गोळी थांबवली की लकवा येतोच, हे तर साफ खोटं. ठोके अनियमित म्हणून वॉरफरिन घेणाऱ्या १,८८४ रुग्णांवरचा अभ्यास २०१५ साली आला. गोळी थांबवून मध्ये इंजेक्शनं न दिलेल्यांत लकव्यासारखे प्रकार ०.४ टक्के, इंजेक्शनं दिलेल्यांत ०.३ टक्के; मोठा रक्तस्राव मात्र इंजेक्शनांच्या गटात ३.२ टक्के आणि दुसऱ्यात १.३. म्हणजे अशा बहुतेकांना इंजेक्शनांचीही गरज नसते. नव्या गोळ्यांवरच्या सुमारे तीन हजार रुग्णांचा अभ्यास २०१९ साली आला. ठरावीक दिवस मोजून गोळी थांबवली आणि पुन्हा सुरू केली, तर लकव्यासारखे प्रकार प्रत्येक औषधाच्या गटात शंभरात एकाहून कमी निघाले. पहिल्या अभ्यासात धातूची झडप असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणूनच वहिनींना इंजेक्शनं लागली आणि ठोके अनियमित म्हणून गोळी घेणाऱ्या शेजारच्या काकांना लागली नाहीत. काकांचं ऐकून वहिनींनी वागायचं नाही आणि वहिनींचं ऐकून काकांनी.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. कोलोनोस्कोपीची चिठ्ठी हातात पडली आणि गोळी चालू असेल, तर त्या चिठ्ठीच्या पाठीमागे चार ओळी लिहून घ्यायच्या: शेवटची गोळी कोणत्या तारखेला, सकाळची की रात्रीची; मध्ये इंजेक्शन आहे का; आयएनआर कधी तपासायचा; पुन्हा पहिली गोळी कधी. गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी आणि दुर्बीण घालणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून या ओळी लिहायच्या. त्यांना वेळ नसेल तर आपण एकाचा कागद दुसऱ्याकडे न्यायचा, लाजायचं नाही.

तयारीचं लोक फार विचारतात म्हणून सांगतो. पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून दोन ते चार लिटर संपवावी लागते. चव खारट-गुळचट असते, थंड करून प्यायली की उतरते. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, दूध न घातलेला चहा चालतो. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर आतडं नीट दिसत नाही. आणि कोंब काढला असेल तर पुढचे दोन आठवडे रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं, म्हणून त्या काळात वारी नाही, लांबचा प्रवास नाही. दवाखाना जवळ असेल असंच राहायचं.

त्या सभेत ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या कुणाच्या घरी अशी चिठ्ठी पडून असेल तर ती आज बाहेर काढा. दोन्ही डॉक्टरांना दाखवा, चार ओळी लिहून घ्या आणि तारीख ठरवा. तोवर गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका, वक्त्यांच्या नाही आणि माझ्याही नाही.