संवादाचे कुलूप : खेळातील आकडा आणि शाहिराचा सवाल

१/ भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये पात्र काय बोलणार, हे खेळाडू निवडतो. काही वाक्ये मात्र कुलूपबंद असतात. ठरावीक कौशल्य असेल तरच ती उघडतात. बोलण्याचे कौशल्य मोजायचे कसे, हा प्रश्न पन्नास वर्षे जुना आहे.

२/ १९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ. त्यातील सहा गुणांपैकी एक ‘करिश्मा’. पण निवाडा करणारा माणूस समोर बसलेला असे. संगणकावर तो माणूस गेला. उरली वाक्यांची यादी.

३/ ‘फॉलआउट’ने (१९९७) एक सुंदर प्रयोग केला. अत्यल्प बुद्धीचे पात्र तुटक, अडखळत बोले. तिथे आकडा केवळ दार अडवत नव्हता, पात्राची वाणीच बदलत होता.

४/ ‘फॉलआउट ३’मध्ये (२००८) वाक्यापुढे यशाची टक्केवारी आली. अपयश आले की जुनी नोंद उघडून पुन्हा नशीब अजमावता येई. ‘न्यू व्हेगस’ने (२०१०) ठाम किमान आकडा ठेवला. हे अधिक न्याय्य खरे; पण खेळाडू वाक्य वाचण्याऐवजी आकडाच वाचू लागतो.

५/ महाराष्ट्रात या प्रश्नाचे जुने उत्तर आहे : कलगी-तुरा. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. एक शाहीर भेदिक रचनेतून कूट घालतो, दुसऱ्याने ते गाण्यातूनच सोडवायचे. इथे अट आहे ती पुराणांच्या व्यासंगाची आणि हजरजबाबीपणाची. योग्य उत्तरावर आधीच खूण केलेली नसते.

६/ झाडीपट्टीच्या खडी गंमतीत कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद बहुतांशी उत्स्फूर्त. फसलेले वाक्य जोडीदार उचलतो आणि त्यातूनच हशा पिकवतो. ‘डिस्को एलिझियम’ची (२०१९) थोरवी याच जातीची : तिथे फसलेला प्रयत्नही कथा पुढे नेतो.

७/ म्हणून रचनाकाराने दोन पथ्ये पाळावीत. अट खेळाडूने मिळवलेल्या ज्ञानाशी जोडावी. आणि अपयशाने वाट बंद न करता वळवावी.

८/ तिसरे पथ्य चिचगडसारखे गाव शिकवते. देवरी तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेकडील या पट्ट्यात झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी शेजारी नांदतात. गोंडी जाणणाऱ्यासाठी रानातल्या पाड्यावर दार उघडते; कचेरीत तोच माणूस मुका ठरू शकतो. त्याचे कौशल्य कमी झालेले नसते, अट बदललेली असते.

९/ ‘संभाषण : ५०’ असा एकच आकडा हे सत्य पुसून टाकतो. उद्या विदर्भाच्या भूमीवर असा खेळ रचला गेला, तर त्यात बोलींना स्वतंत्र कौशल्याचा मान मिळायला हवा. अन्यथा कुलूप कोणी लावले हे न विचारता, किल्ली नसलेल्यालाच अडाणी ठरवण्याची आपली जुनी सवय खेळातही उतरेल.