पगाराची चिठ्ठी नाही म्हणून कमाईच नाही?

नगर रस्त्यावरची वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. पण तिथला रस्ता कष्टकऱ्यांसाठी सुरक्षित झाला नाही. २३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर केसनंद फाट्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. अमरावती जिल्ह्यातून पोटासाठी आलेली ही माणसे. दोन चिमुकल्यांसह तिघे ठार झाले. त्याची बातमी झाली, हळहळ झाली. पण जो वाचतो आणि मोडलेला पाय घेऊन घरात पडून राहतो त्याची बातमी होत नाही. याच रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, पाण्याचा टँकर चालवणारा, स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर असलेला चालक अपघातात सापडला, तर त्याची बुडालेली रोजची कमाई कोण भरून देणार? हा आमचा सवाल आहे.

विम्याचा हप्ता तर तो दरवर्षी भरतो. मग त्याला काय मिळते? गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर पत्रा आणि सुटे भाग मिळतात. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिल्याने बुडालेला धंदा त्यात बसत नाही. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ साली १५ लाखांचा झाला; पूर्वी दुचाकीला १ लाख आणि मोटारीला २ लाख होता. पण हे पैसे मृत्यू झाला किंवा हात, पाय, डोळा कायमचा गेला तरच मिळतात. तीन महिने प्लास्टरमध्ये पडलेल्या चालकाला त्यातून एक पैसाही मिळत नाही. फायनान्सचा हप्ता मात्र प्लास्टर पाहून थांबत नाही.

चूक समोरच्या वाहनाची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडा असतो. तिथे उपचाराच्या काळात बुडालेली कमाई आणि पुढची कमावण्याची ताकद, दोन्हींची भरपाई मागता येते. परंतु तिथे विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, पगाराची चिठ्ठी कुठे आहे? आयकराचा रिटर्न कुठे आहे? ज्याच्या हातावर पोट आहे त्याने ही कागदपत्रे आणायची कुठून?

सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर कधीच दिलेले आहे. २०११ साली रामचंद्रप्पा या हमालाच्या आणि २०१४ साली सय्यद सादिक या भाजीविक्रेत्याच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की असंघटित कष्टकऱ्याकडून कमाईच्या कागदोपत्री पुराव्याची अपेक्षा धरता येत नाही. त्याने सांगितलेला आकडा वाजवी असेल तर तो मान्य करावा. तरीही खाली काय चालते? २०२१ साली निकाल लागलेल्या एका खटल्यात अपघातात गेलेल्या अवजड वाहनचालकाच्या पत्नीने त्याची कमाई महिना १५ हजार सांगितली. किमान वेतनाचा तक्ता पुढे करून ती ५,७४६ रुपये धरली गेली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर ती ८ हजार झाली. किती विधवांना दिल्लीपर्यंत जाता येते?

दुसरी लबाडी टक्क्यांची आहे. डॉक्टर दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व लिहितात आणि कमाईचे नुकसानही ४० टक्केच धरले जाते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. पण तोच हात चालकाचा किंवा सुताराचा गेला, तर त्याचे नुकसान जवळपास शंभर टक्के असू शकते. समजा चालक ३४ वर्षांचा आहे आणि त्याची कमाई महिना फक्त १० हजार धरली. वर्षाचे १ लाख २० हजार, त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून १ लाख ६८ हजार, गुणक १६. शंभर टक्के नुकसान धरले तर २६ लाख ८८ हजार होतात. ४० टक्के धरले तर १० लाख ७५ हजार २००. एका शब्दात सोळा लाख गेले!

त्या ४० टक्क्यांतही भेद आहे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने चाळिशीच्या आतील कायम नोकरदाराला ५० टक्के वाढ दिली आणि स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्याला ४०. कायम नोकऱ्या संपवून, अनुशेष न भरता आमच्या पोरांना स्टिअरिंगवर बसवले कोणी? आणि वर त्यांचे भविष्यही दहा टक्क्यांनी कमी?

म्हणून आमचे चालक बांधवांना सांगणे आहे. रोजच्या धंद्याची वही ठेवा. परमिट, बॅज, हप्त्याच्या पावत्या, इंधनाची बिले, मोबाईलवर आलेल्या भाड्याचा बँक उतारा जपा. स्टँडवरच्या साथीदाराची साक्ष द्या. डॉक्टरांकडून केवळ टक्का नव्हे, तर ‘वाहन चालवू शकत नाही’ हे लिहून घ्या आणि त्यांना साक्षीला बोलवा. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण त्यावर विसंबून बसू नका. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. पहिल्याच तडजोडीच्या आकड्यावर अंगठा उठवू नका.

पण जिथे समोर वाहनच नव्हते, खड्ड्याने रिक्षा उलटली, तिथे काय? तिथे वही आणि वकील दोन्ही अपुरे पडतात. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घातला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराला घरी पडल्यापडल्या रोख भत्ता देणारा तो कायदा. पण मालक नसलेल्या चालकाला तो लागू नव्हता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या कमाईच्या प्रमाणात विमा असावा, अशी त्यांची मांडणी होती. नागरिकाचा विमा, नोकराचा नव्हे! सरकारने चालकावर विमा सक्तीचा केला, पण तो समोरच्याच्या नुकसानीचा आणि स्वतःच्या मरणाचा. बुडालेल्या दिवसांचा विमा सक्तीच्या हप्त्यातच मिळाला पाहिजे, ही मागणी वाघोलीच्या स्टँडपासून मंत्रालयापर्यंत गेली पाहिजे. जो चालक रोज शहर हलवतो, तो पडला की त्याचे घर उपाशी का झोपावे?