मोजणीची रेघ आणि सामाईक भिंत

नागपूरच्या महाल, इतवारी, तांडापेठ अशा जुन्या वस्त्यांत दोन घरांना मिळून एकच भिंत असणे ही नवलाची गोष्ट नाही. दोन्हीकडच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या असतात. पुढे त्यांपैकी एक घर धनवंताच्या हाती जाते, तेथे मजले चढवावयाचे ठरते आणि भूमापन कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज पडतो. भूकरमापक येतो, खुणा करतो, नकाशाची 'क' प्रत निघते. रेघ हातभर पलीकडे सरकलेली दिसली की तोच कागद सरकारी हुकूम म्हणून शेजारच्या विणकराच्या तोंडापुढे नाचविला जातो.

तो हुकूम नव्हे. 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हद्दीच्या वादाचा निर्णय कलम 135 अन्वये जिल्हाधिकाऱ्यावर सोपविला आहे. कलम 138 प्रमाणे ताबा काढून घेण्याचा अधिकारही त्याचाच. त्या आदेशावर अपील चालते आणि ताबा गेलेल्यास एका वर्षाच्या आत मालकीसाठी दिवाणी दावा लावता येतो. या साऱ्यात भूकरमापकाचे काम मोजण्याचे. त्याचे माप अमान्य असेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते. आखीव पत्रिका घ्या. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे.

भिंतीचा प्रश्न तर रेघेच्याही पलीकडचा आहे. वकील मंडळी ज्याला इझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात तो 1882 चा कायदा मध्य प्रांतास, म्हणजे नागपुरास, प्रारंभापासून लागू होता. मुंबई इलाख्यास तो 1891 साली मिळाला. (मागास म्हणून हिणविला गेलेला हा प्रदेश निदान येथे नऊ वर्षे पुढे होता!) शेजारच्या भिंतीचा आधार 20 वर्षे शांतपणे, अखंड आणि हक्काच्या नात्याने घेतला असेल, तर कलम 15 तो हक्क पक्का करते. म्हणजे भिंत संपूर्णपणे शेजाऱ्याच्या जागेत असली तरी ती पाडण्यास तो मोकळा असतोच असे नाही. हा हक्क साखळीने मोजता येत नाही. तो दिवाणी न्यायालयात पुराव्याने ठरतो. न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेल्या आयुक्ताचा अहवालदेखील पुरावाच असतो. त्याला साक्षीस बोलावून प्रश्न विचारता येतात.

इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्याने अशा भिंतींबाबत सर्व्हेअरांना निवाडा देण्याचा अधिकार दिला. तेथेही, बांधकाम करणाऱ्याने रीतसर नोटीसच दिली नसेल तर त्यांना अधिकारच पोचत नाही, असे अपील न्यायालयाने 2023 मध्ये ठरविले.

मग नकाशाच का जिंकतो? एका बाजूस वकील असतो, दुसऱ्या बाजूस धास्ती. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार व अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. तो त्यांच्या घरापर्यंत पोचविणे हे कार्यकर्त्याचे काम. त्याने मोजणीच्या दिवशी हजर राहावे, हरकत लेखी नोंदवावी, आणि भिंतीला पहार लागण्यापूर्वी मनाई हुकमाचा अर्ज न्यायालयात दाखल होईल हे पाहावे. 'या नकाशाने मालकी ठरत नाही' हे वाक्य प्रत्येक 'क' प्रतीवर ठळक मराठीत छापण्याची मागणीही भूमी अभिलेख खात्याकडे लावून धरली पाहिजे. त्याला खर्च शाईचाच येईल.