एकाच प्रतीचा हट्ट

मराठी शिकवणाऱ्यांनी संगणकावरच्या प्रोग्रॅमांविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. गेली पंचवीसएक वर्षे गाणी, व्याख्याने, मुलाखती आणि छायाचित्रे कुठे राहणार, कोणत्या नावाने राहणार आणि किती काळ राहणार, हे या प्रोग्रॅमांनीच ठरवले आहे. संहिता जपणे हे ज्यांचे काम, त्या आम्ही लोकांनी मात्र हा सगळा अभियंत्यांचा प्रांत मानून गप्प बसणे पसंत केले. ते गप्प बसणे आम्हांला महागात पडले; म्हणून हा लेख.

घडले ते असे. आमच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आजोळी गेली. तिच्या आजीच्या थोरल्या जाऊबाईंना जात्यावरच्या ओव्या येत होत्या. दोन दिवस त्यांच्याजवळ बसून तिने आपल्या फोनवर सदतीस ध्वनिमुद्रणे केली. परत आल्यावर ती फोन घेऊन विभागातल्या संगणकाशी बसली. फोनच्या कंपनीने दिलेला, गाण्यांपासून संपर्कांपर्यंत सर्व काही सांभाळण्याचा दावा करणारा प्रोग्रॅम त्यावर कोणीतरी आधीच टाकून ठेवलेला होता. तो उघडायलाच तीन-चार मिनिटे लागली. मग त्याने इंग्रजीत एक प्रश्न विचारला. संगणकावर जसा संग्रह आहे तसाच फोनवर करून घ्यायचा का, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता. मुलीला वाटले, फोनवरचे संगणकावर उतरवून घ्यायचे का, असे विचारले जात आहे. तिने होकार दिला. संगणकावरचा संग्रह रिकामा होता. थोड्याच वेळात फोनही रिकामा झाला. त्या कंपनीचे नाव सांगण्यात हशील नाही. पुढे ज्यांची नावे येतील त्यांपैकी ती नव्हे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मुलगी धीराची. ती पुन्हा आजोळी गेली आणि आजी पुन्हा गायल्या. पण पहिल्या खेपेला आलेल्या कितीतरी ओव्या दुसऱ्या खेपेला आल्याच नाहीत. काही नव्या आल्या, काहींचा दुसरा चरण बदलला. मुलीने तसे म्हटल्यावर आजी एवढेच म्हणाल्या, ‘‘तवा ते आठवलं, आता हे आठवतंय. दोन्ही माझंच की.’’ मौखिक परंपरेतील पाठभेदाची याहून नेमकी व्याख्या आम्ही वर्गात कधी केलेली नाही. त्या दोन पाठांपैकी एक आता कुठेही नाही.

या सबंध प्रकाराला जो शब्द आहे तो ‘सिंक’. मराठीत त्याला ‘समक्रमण’ म्हणतात. ‘सम’ म्हटले की दोन बाजू बरोबरीच्या आहेत असा समज होतो, आणि फसवणूक तेथेच सुरू होते. वरच्या प्रसंगात बरोबरी कुठेच नव्हती. एक प्रत मालक होती आणि दुसरी ताबेदार. मालकाकडे जे नाही ते ताबेदाराकडे असणे हा अपराध, आणि त्याची शिक्षा पुसून टाकणे. जुळवून घेणे आणि पुसून टाकणे या दोन क्रियांसाठी एकच शब्द वापरणारी भाषा निष्काळजी असते, असे आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल शाईने लिहितो. कोट्यवधी लोकांच्या यंत्रांवर तीच चूक होत असताना मात्र ती ‘तांत्रिक बाब’ ठरते!

दोन प्रती जुळत नाहीत तेव्हा काय करावे, हा प्रश्न काही संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच प्रश्नापोटी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी मुख्य संहिता निश्चित केली, पण जे पाठ त्यांनी स्वीकारले नाहीत ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवले. ज्याला संपादकांचा निर्णय पटणार नाही, त्याला तो तपासण्याची सोय त्यांनी स्वतःच करून दिली. दोन प्रतींत फरक दिसला की तो आधी नोंदवायचा, निर्णय नंतर घ्यायचा आणि नाकारलेलेही जपायचे. ही साधी शिस्त ज्यांना पाळता येत नाही, त्यांनी आपल्या प्रोग्रॅमला ‘लायब्ररी’ हा शब्द लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा शब्द ज्या प्रोग्रॅमने घरोघरी नेला त्याचा इतिहास बोधप्रद आहे. ॲपलने २००० साली साउंडजॅम एमपी हा एक छोटा प्रोग्रॅम विकत घेतला आणि त्याच्या पायावर जानेवारी २००१ मध्ये आयट्यून्स आणले. सीडीवरील गाणी संगणकावर घ्यावीत, हवी तशी लावावीत, ऐकावीत आणि पुन्हा सीडीवर उतरवावीत, एवढेच त्याचे काम होते, आणि ते तो नेटके करी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच गिगाबाइटांचा आयपॉड आला आणि आयट्यून्स त्या यंत्राचे एकमेव दार झाले. एप्रिल २००३ मध्ये या दारात दुकान थाटले गेले. ऑक्टोबरमध्ये हे सगळे विंडोजवरही आले. २००५ साली पॉडकास्ट आणि चित्रफिती, २००६ साली चित्रपट, २००७ साली आयफोनची व्यवस्था आणि विद्यापीठांची व्याख्याने, २००८ साली ॲपचे दुकान, २०१० साली पुस्तके आणि ‘पिंग’ नावाची गप्पांची चावडी. ही चावडी २०१२ साली बंद पडली. गाणे ऐकण्यासाठी उघडायच्या खिडकीत आता सिनेमागृह, वाचनालय, महाविद्यालय, बाजार आणि यंत्रदुरुस्तीचे दुकान एकत्र नांदू लागले. मांडव इतका वाढला की नवरदेव सापडेना.

निक्लाउस विर्थ या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९९५ सालीच एका लेखात सुटसुटीत सॉफ्टवेअरची कळकळीने बाजू मांडली होती. यंत्रे जितक्या वेगाने चपळ होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होते, हे त्या लेखातले निरीक्षण पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले. विर्थ यांचा रोख उगाच भर घालण्याच्या हव्यासावर होता. आम्हांला त्यात एक भर घालावीशी वाटते. आयट्यून्ससारख्या प्रोग्रॅमांची सूज हव्यासाइतकीच हिशेबाचीही होती. संग्रह तुमचा, दुकान त्यांचे, आणि दोन्हींमध्ये भिंत नाही. मग गिऱ्हाईक आपल्याच कपाटाकडे जाताना प्रत्येक वेळी दुकानातून गेले पाहिजे. मार्च २००८ मध्ये विंडोजवर आयट्यून्ससोबत येणाऱ्या अद्ययावत करणाऱ्या प्रोग्रॅमने सफारी हा ब्राउझर, तो कधीच न घेतलेल्या लोकांपुढेही, चौकटीत आधीच खूण करून ठेवला. मोझिलाचे जॉन लिली यांनी त्यावर जाहीर टीका केली होती, आणि ती रास्त होती. सप्टेंबर २०१४ मध्ये तर यू टू या वाद्यवृंदाचा नवा संग्रह कोट्यवधी ग्राहकांच्या खात्यांत न मागता जमा झाला. लोक इतके वैतागले की तो काढून टाकण्यासाठी कंपनीला वेगळी सोय करून द्यावी लागली. कोणी रात्री आपल्या घरात शिरून कपाटात एक पुस्तक ठेवून गेला, तर पुस्तक फुकट होते म्हणून आपण त्याचे आभार मानतो काय?

आणि जाताना उलटी पावले टाकायला बंदी. आयपॉडवर गाणी एका लपवलेल्या फोल्डरात, मूळ नावे काढून टाकून चार-चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी ठेवलेली असत. स्वयंचलित समक्रमण एका वेळी एकाच संगणकाच्या संग्रहाशी होई. दुसऱ्या संगणकाला यंत्र जोडून ते करू गेल्यास आधीचे सारे पुसण्याचा प्रस्ताव समोर येई. हाताने व्यवस्था लावण्याचा पर्याय होता, हे आम्ही मान्य करतो. पण तो शोधणाऱ्यासाठी होता. न शोधणाऱ्याच्या वाट्याला जे येते, तेच प्रोग्रॅमचे खरे मत असते.

आता नावांकडे येऊ, कारण तो तर आमचाच विषय. एमपी३ फाइलींना गाण्याची माहिती चिकटवण्याची आयडी३ ही पद्धत १९९६ साली आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला तीस बाइट, कलावंताला तीस, संग्रहाला तीस. यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे काना-मात्रा वेगळे धरून दहा चिन्हे. संगीतप्रकारांची ऐंशी नावांची यादी दिलेली होती. तीत पोल्का होता. अभंग, लावणी, पोवाडा, नाट्यगीत नव्हते. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत बरीच सुधारणा झाली, गीतकारासाठीही जागा आली. पण आयट्यून्सच्या यादीत संगीतकाराचा रकाना होता, गीतकाराचा नव्हता. ज्या भाषेत भावगीत कवीच्या नावाने ओळखले जाते, तिच्या गाण्यांतून कवीच गळाला. नाट्यगीत कोणत्या नाटकातले आणि ओवी कोणत्या गावातली, हे सांगायची जागा तर कुणालाच सुचली नाही. प्रोग्रॅमला पोट इतके सुटले, पण त्यात एक रकाना मावला नाही. आमची तक्रार नुसत्या वजनाची नाही, ती ही आहे.

यावर दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले असे की, हे सर्व जुने झाले. २०१९ साली मॅकवर आयट्यून्सचे तुकडे करून संगीत, चित्रवाणी आणि पॉडकास्ट असे वेगळे प्रोग्रॅम केले गेले, समक्रमण फाइंडरमध्ये गेले. २०२४ साली विंडोजवरही तशीच वाटणी झाली. आयपॉडचे उत्पादन तर २०२२ सालीच थांबले. हे खरे आहे. पण अठरा वर्षे लोकांनी ओरड केल्यावर झालेली वाटणी म्हणजे त्या ओरडीला मिळालेला कबुलीजबाब होय. आणि वाटणीने प्रोग्रॅम हलके झाले, तरी मालक-ताबेदाराचे नाते तसेच राहिले.

दुसरे उत्तर ‘क्लाऊड’. आता सगळे वर असते, हरवण्याचा प्रश्नच नाही! आम्ही विनयाने सांगू इच्छितो की प्रश्न आहे, आणि तो मोठा झाला आहे. आयक्लाऊडमधील छायाचित्रे एका यंत्रावरून काढली की ती सर्व यंत्रांवरून जातात. तीस दिवसांची मुदत मिळते एवढेच. पूर्वी संगणक आणि फोन अशा निदान दोन वस्तू होत्या. आता एकच प्रत आहे आणि आपल्या हाती तिच्याकडे पाहण्याच्या खिडक्या आहेत. भाडे भरून ऐकण्याच्या संगीतसेवेत तर तीही प्रत आपली नसते. कंपनीचा करार संपला की गाणे यादीतून नाहीसे होते आणि त्याच्या जागी फिकट अक्षरे उरतात.

याउलट काय होऊ शकते, तेही आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात प्रसिद्ध होत आहेत, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह. तेथे रकाने विषयाला ओळखून पाडले गेले. यंत्र तेही संगणकच आहे. फरक ते कोणाच्या सोयीने चालते याचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. दोन प्रतींत फरक दिसला, तर प्रोग्रॅमने दोन्ही ठेवाव्यात आणि फरक दाखवावा. ‘पुसणे’ या क्रियेला ‘पुसणे’च म्हणावे आणि तो प्रश्न मराठीत विचारावा. फाइलीला माणसाने दिलेले नाव बदलू नये. दुकान आणि कपाट यांमध्ये भिंत असावी. यातली एकही गोष्ट तंत्रज्ञानाला अवघड नाही; गैरसोयीची आहे ती व्यापाराला.

तोवर आम्ही विभागात एक नियम केला आहे. क्षेत्रकार्याहून आलेल्या विद्यार्थ्याने फोन कोणत्याही व्यवस्थापक प्रोग्रॅमला जोडायचा नाही. फाइली साध्या फोल्डरात उतरवायच्या, गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख घालून नाव द्यायचे, दोन वेगळ्या डिस्कांवर प्रती करायच्या आणि एका जाड वहीत शाईने नोंद करायची. नव्या मुलांना वहीचे हसू येते. मग आम्ही त्यांना वहीचे पहिले पान दाखवतो. तेथे सदतीस आकडे ओळीने लिहिले आहेत आणि त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.