फ्लॅट विकायचाय? आधी कागद, मग रंग

पहिल्यांदा फ्लॅट विकायला काढला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. भिंतींना रंग मारा, गळके नळ बदला, फोटो दिवसाउजेडी काढा वगैरे. करा की, कोण नको म्हणतंय! पण नांदेड-लातूरकडे खरी परीक्षा वेगळीच असते आणि ती पहिल्याच फोनवर सुरू होते. "साहेब, एक नंबरमधी किती अन् दोन नंबरमधी किती?"

वडिलांच्या नावावरचा नांदेडचा फ्लॅट विकायच्या खटपटीत मी सध्या आहे. "सगळे पैसे बँकेतून" म्हटलं की एजंट मंडळी हसतात. "फुल व्हाइटमधी इकडं कोण घ्यायलंय?" जणू ही गावची रीतच आहे! माझं म्हणणं असं की ही रीतबीत काही नाही, हा निव्वळ चुकीचा हिशोब आहे. आणि तो आपल्यासारखी शिकलेली, एक्सेल कोळून प्यालेली माणसंसुद्धा मुकाट मान्य करतात.

हिशोबच करू. समजा २००४-०५ मध्ये ६ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ३० लाखांना विकला. महागाई निर्देशांक तेव्हा ११३ होता, आता ३७६. म्हणजे ६ लाखांचे झाले जवळपास २० लाख. नफा १० लाख, त्यावर २० टक्के म्हणजे २ लाख कर, वर थोडा सेस. दुसरा मार्ग निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्क्यांचा, तो ३ लाखांवर जातो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या माणसाला दोन्हीपैकी कमी कर भरायची मुभा आहे (परदेशस्थ मित्रांनो, ही तुम्हाला नाही). नफा मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला, तर हा करही वाचू शकतो.

आता दोन नंबरवाला हिशोब. रेडी रेकनरचा भाव २० लाखांच्या आसपास आहे असं धरा. कागदावर २० लाख, पिशवीत १० लाख. कर जवळपास शून्य. वा! पण २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढीच रक्कम दंड होऊ शकते. आणि हा दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. मुद्रांक शुल्क वाचतं ते समोरच्याचं, काळा पैसा खपतो तोही त्याचा, आणि मान अडकते आपली. २ लाख वाचवायला १० लाख डावावर लावायचे! बरं, त्या पिशवीचं करणार काय? पुण्यातल्या नव्या फ्लॅटचं डाउन पेमेंट चेकने द्यावं लागतं. नाहीतर तीच पिशवी पुढच्या बिल्डरच्या दारात. २०१६ ची नोटाबंदी ज्यांनी पिशवीसकट अनुभवली त्यांना विचारा.

पण मला जास्त राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांसाठी आसपासच्या तालुक्यांतून आईबाप लातूरला, नांदेडला बिऱ्हाड करतात. त्यातला एखादा झेडपीचा मास्तर म्हणतो, भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरू. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. सगळा व्यवहार कागदावर असेल तर त्याला २७ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पदरचे ३ लाख. कागदावर २० दाखवले तर कर्ज फार तर १८ आणि पदरचे १२! पगारदार माणूस १२ लाख कुठून आणणार? म्हणजे ह्या "रीती"ने आपण पांढऱ्या पैशाचं गिऱ्हाईकच हाकलतो आणि मग म्हणतो, इकडं व्हाइटमध्ये कोण घेतं!

आता कागदांकडे या, कारण खरी गोम तिथे आहे. फाइल अर्धवट असली की बँक कर्ज देत नाही. बँक नाही म्हणजे कर्जवालं गिऱ्हाईक नाही. उरतो तो रोखवाला, आणि अटी त्याच्या. दोन नंबरची सुरुवात एजंटच्या तोंडातून होत नाही, आपल्या कपाटातल्या फाइलमधून होते.

म्हणून जाहिरातीआधी फाइल भरा. नोंदणी झालेलं खरेदीखत, सूची क्रमांक दोन, एनए आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटी किंवा अपार्टमेंटचे कागद, मालमत्ता कराच्या पावत्या, जुनं कर्ज फिटल्याचा दाखला. गुंठेवारीतली जागा असेल तर २००१ च्या कायद्याखाली नियमित केल्याचा कागद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे बिल्डिंगखालची जमीन पूर्वी इनामी होती का, वर्ग दोनची आहे का, हेही बँकेचा वकील विचारणारच. तो विचारण्याआधी आपण विचारावं. गिऱ्हाईक दारात उभं असताना महापालिकेचे हेलपाटे घालणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

"तू एकटा सुधारून काय होणार?" हा प्रश्न येणारच. जग सुधारायला मी निघालेलो नाही. माझी २ लाखांची बचत १० लाखांच्या जोखमीला पुरत नाही, एवढंच माझं गणित आहे. एक नंबरमध्ये विकायला वेळ जास्त लागतो, हे खरं. आमचा फ्लॅटही अजून विकला गेलेला नाही. एक-दोन लाख कमी घ्यावे लागले तरी चालतील. पण ते सगळे खात्यात येतील, मोजून, नावानिशी.

असो. रंगाचं नंतर बघू. या वीकेंडला फाइल उघडा.