आवाज परत येतो, हिशेब परत येत नाही

दुकानातील संगणक एके सकाळी अचानक मुका होतो. पडदा उजळतो, बिले छापली जातात. आवाज मात्र निघत नाही. बिघाड किरकोळ असतो, परंतु त्याची दुरुस्ती कधी कधी फार महाग पडते. घाईत बोलावलेला कारागीर तपासणी न करताच ‘फॉरमॅट करून टाकू’ असे सुचवतो आणि गडबडीत मालक होकार देतो. आवाज परत येतो. पण डेस्कटॉपवरील उधारीच्या याद्या, खरेदीची बिले आणि त्याच ‘सी’ विभागात साठवलेले हिशेब पुसले जातात. वास्तविक आवाजासाठी फॉरमॅट करण्याची वेळ क्वचितच येते.

तपासणी नेहमी सोप्याकडून अवघडाकडे न्यावी. स्पीकरला वीज आहे का, त्याचे बटण चालू आहे का आणि त्याची पिन संगणकाच्या हिरव्या छिद्रात आहे का, हे प्रथम पाहावे. गुलाबी छिद्र माइकसाठी असते. त्यानंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर फुली तर नाही ना, याची खात्री करावी. नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला असल्यास संगणक पुष्कळदा आवाज मॉनिटरकडे पाठवतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. अशा वेळी साउंड सेटिंग्जमधील ‘आउटपुट’ या जागी योग्य स्पीकर निवडला की काम भागते. तरीही आवाज न आल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आवाजाचा ड्रायव्हर काढावा व संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज बहुधा तो ड्रायव्हर आपण होऊन पुन्हा बसवते. विंडोजच्या अपडेटनंतर बिघाड झाला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय उपयोगी पडतो. एवढ्याने बहुतेक संगणक बोलू लागतात.

कारागिराला बोलावणे भागच पडले, तर त्याने हात लावण्यापूर्वी हिशेबाची प्रत काढलेली असावी. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जतन करावे लागतात. संगणक बिघडला ही सबब तेथे उपयोगी पडत नाही.

प्रत ठेवण्यास डिस्क आजही उपयुक्त आहे. सीडीवर सुमारे ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मजकूर मावतो. सामान्य दुकानाच्या वर्षभराच्या हिशेबाला एवढी जागा बहुधा पुरते. नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नसल्यास यूएसबीने जोडता येणारा डीव्हीडी रायटर मिळतो. डिस्क घेताना ‘आर’ प्रकारची घ्यावी, ‘आरडब्ल्यू’ नव्हे. ‘आर’ डिस्क पूर्ण करून बंद केली की तिच्यावरील मजकूर बदलत नाही. त्यामुळे संगणकात शिरलेला व्हायरसही त्या प्रतीला धक्का लावू शकत नाही. पेन ड्राइव्हला असे संरक्षण नसते.

डिस्क लिहिताना हिशेबाच्या प्रणालीतील ‘बॅकअप’ हा पर्यायच वापरावा. डेस्कटॉपवरील चिन्हाची नक्कल म्हणजे हिशेबाची नक्कल नव्हे. ही चूक फार ठिकाणी होते. लिहून झालेली डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत धरू नये.

डिस्क कडेने धरावी आणि उन्हापासून व उष्णतेपासून दूर, डबीत उभी ठेवावी. सीडीचा चकाकणारा थर नावाच्या बाजूस पातळ लेपाखालीच असतो. म्हणून तेथे बॉलपेनने लिहू नये, चिकटपट्टी लावू नये. डिस्कसाठी मिळणाऱ्या मार्करने वर्ष व दिनांक लिहावा. धूळ पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे. डिस्कही अमर नसते. म्हणून जुन्या डिस्क वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात व शंका येताच त्यांची नवी प्रत काढावी.

३१ मार्चचा हिशेब पूर्ण होताच दोन प्रती काढाव्यात. एक दुकानात ठेवावी आणि दुसरी घरच्या कपाटात. म्हणजे एका जागी आग लागली वा पाणी शिरले तरी दुसरी सुरक्षित राहते. वर्षाच्या मध्ये दर महिन्याला एक डिस्क पुरेशी आहे. हे काम घरातील एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. पूर्वी वह्यांच्या पेटीची किल्ली एकाच्या हाती असे. डिस्कच्या डबीलाही तसाच धनी हवा.